मतपत्रिकेवर नसलेले नाव

उत्तर कॅरोलिनातल्या केरी गावात मी राहायला आले तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला : तुम्ही कोणाच्या बाजूच्या? या गावापासून साधारण अर्ध्या तासाच्या अंतरात तीन विद्यापीठे आहेत. रॉलीमध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट, डरममध्ये ड्यूक आणि चॅपल हिलमध्ये राज्याचे जुने विद्यापीठ, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना. प्रश्न बास्केटबॉलचा होता आणि ‘अजून ठरवले नाही’ या उत्तराने विचारणारा मनापासून खट्टू होतो, हे माझ्या लक्षात यायला एक अख्खा मोसम जावा लागला. मार्चमधल्या या विद्यापीठांच्या वार्षिक स्पर्धेच्या शुक्रवारी दुपारी आमच्या विभागात कोणीही बैठक ठेवत नसे. त्याच दिवशी शाळांतले शिक्षक वर्गात दूरदर्शन संच आणून ठेवत आणि मुले पाढ्यांऐवजी सामना बघत, अशा आठवणी इथे वाढलेल्या प्रत्येकाकडे असतात.

हे सामने अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे इथल्या बोलण्यातल्या ‘एसीसी’चे. १९५३ साली सात विद्यापीठांनी जुन्या सदर्न कॉन्फरन्समधून बाहेर पडून हा गट स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस व्हर्जिनिया आठवे म्हणून आले. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या विभागांशी याची तुलना करता येईल, पण ती फार पुढे नेता येणार नाही. कारण इथे कॉलेजचा सामना बघायला हजारो माणसे तिकीट काढून येतात आणि आजोबांची निष्ठा नातवाकडे वारसाहक्काने जाते. या कॉन्फरन्सचा एक वार्षिक पुरस्कार आहे : वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. १९५४ साली तो पहिल्यांदा वेक फॉरेस्टच्या डिकी हेम्रिकला मिळाला, पुढच्या वर्षीही त्यालाच मिळाला, आणि तेव्हापासून दर मार्चमध्ये या यादीत एका ओळीची भर पडत आली आहे.

मी व्यवसायाने संख्याशास्त्रज्ञ आहे. औषधांच्या चाचण्यांतले आकडे तपासणे हे माझे काम, आणि यादी दिसली की ती वरून खाली वाचून काढणे ही माझी सवय. ही यादी मी पहिल्यांदा वाचली ती सहकाऱ्यांच्या गप्पांत भाग घेता यावा एवढ्याच हेतूने. वाचता वाचता एक गोष्ट मनात बसली आणि ती पुढे गेलीच नाही. हा पुरस्कार मोजून मिळत नाही, तो मतांनी मिळतो. सर्वाधिक गुण कोणाचे हे मोजता येते, सर्वाधिक रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू कोणी पकडले, हेही मोजता येते. पण ‘सर्वोत्तम’ कोण हे कोणीतरी म्हणावे लागते. ते म्हणण्याचा अधिकार या कॉन्फरन्सच्या परिसरातल्या क्रीडापत्रकारांच्या संघटनेकडे होता आणि अलीकडच्या वर्षांत प्रशिक्षकांची मतेही त्यात घेतली जातात. म्हणजे ही यादी जेवढी खेळाडूंची आहे तेवढीच मैदानाच्या कडेला टंकलेखन यंत्र घेऊन बसलेल्या माणसांचीही आहे. त्यांनी काय पाहिले आणि त्यांना काय दिसले नाही, दोन्ही तिच्यात नोंदले गेले आहे.

त्यातले कित्येक निर्णय मला आवडतात. १९५९ साली पुरस्कार मिळवणारा नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा लू पुसिलो पाच फूट नऊ इंच उंचीचा होता. उंच माणसांच्या या खेळात त्या उंचीच्या मुलाला ‘सर्वोत्तम’ म्हणायला मत देणाऱ्याची नजर खेळावरच असावी लागते, शरीरावर नव्हे. १९६६ची गोष्ट तर आणखी विलक्षण. त्या वर्षी कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंची निवड झाली तेव्हा ड्यूकचा स्टीव्ह व्हेसंडॅक त्या पाचांत नव्हता, तो दुसऱ्या पाचांत होता. पाचांसाठीचे मतदान मोसमाच्या शेवटी होणाऱ्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेच्या आधी झाले होते आणि वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचे नंतर व्हायचे होते. मधल्या तीन दिवसांत व्हेसंडॅक असा खेळला की जो पहिल्या पाचांत नव्हता तोच वर्षाचा सर्वोत्तम ठरला. त्याच स्पर्धेत ड्यूकने चॅपल हिलच्या संघाला २१-२० असे हरवले. हा पूर्ण सामन्याचा गुणफलक आहे, पहिल्या काही मिनिटांचा नाही. वेळेत बास्केटकडे चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता, त्यामुळे चॅपल हिलच्या मुलांनी चेंडू नुसता फिरवत ठेवून ड्यूकला ताटकळत ठेवले होते. अशा सामन्यात कोणाचे गुण किती हे बघून काय कळणार? त्या वेळी मत देणाऱ्यांनी आपले आधीचे मत बाजूला ठेवून समोर दिसले त्याला मान दिला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

त्या काळी ही तीन दिवसांची स्पर्धा एवढी महत्त्वाची का होती, तेही सांगायला हवे. कॉन्फरन्समधून राष्ट्रीय स्पर्धेत एकच संघ जात असे आणि तो म्हणजे या स्पर्धेचा विजेता. साखळीतले सगळे सामने जिंकून शेवटच्या दिवशी हरलात तर मोसम संपला. १९७४च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले. देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक असूनही मेरीलँडला राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहावे लागले. पुढच्या वर्षीपासून एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घेण्याचा नियम आला. तोवर इथली प्रत्येक मार्च महिन्यातली स्पर्धा जीवन-मरणाच्या तणावात खेळली जाई, आणि त्या तणावातच पत्रकार आपली मते ठरवत.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होत्या. डरममध्ये जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या कृष्णवर्णीय बाई. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारत असे. मराठीत त्यांच्याविषयी लिहिताना मात्र ‘बाई’ याखेरीज दुसरा शब्द हाताशी येत नाही. त्यांचे वडील तंबाखूच्या कारखान्यात कामाला होते. एका मार्चमध्ये जेवणाच्या सुटीत मी ती पुरस्कारांची यादी घेऊन बसले होते, कोणत्या विद्यापीठाला किती वेळा मान मिळाला हे मोजत. बाईंनी माझ्या खांद्यावरून पाहिले, बोट ठेवले, आणि म्हणाल्या, “इथे वाच.” बोट १९६९ आणि १९७० या ओळींवर होते. दोन्ही ओळींत एकच नाव होते : जॉन रोश, साउथ कॅरोलिना. मी वाचले. त्या म्हणाल्या, “आता मला सांग, कोणाचे नाव तुला दिसत नाही?”

मला अर्थातच सांगता आले नाही. त्यांनी सांगितले ते नाव चार्ली स्कॉटचे.

स्कॉट न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. शाळेसाठी तो उत्तर कॅरोलिनात लॉरिनबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये आला. ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी कृष्णवर्णीयांनीच चालवलेली जुनी शाळा. तिथे तो वर्गात पहिला होता. डेव्हिडसन कॉलेजच्या लेफ्टी ड्रिझेल या प्रशिक्षकांकडे खेळायचे त्याने आधी ठरवले होते, पण मग मन बदलून तो चॅपल हिलला डीन स्मिथ यांच्याकडे आला. स्मिथ तेव्हा पुढे झाले तेवढे मोठे नव्हते. भेटीला आलेल्या या मुलाला ते रविवारी आपल्या चर्चमध्ये घेऊन गेले, जिथे गोरे आणि काळे एकत्र बसत. १९६६ साली स्कॉटने प्रवेश घेतला आणि त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात शिष्यवृत्तीवर आलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. याच राज्यात ग्रीन्सबरो गावी, १ फेब्रुवारी १९६० रोजी, चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसले होते आणि त्यांना वाढायला नकार मिळाला होता. स्कॉट आला तेव्हा त्या घटनेला जेमतेम सहा वर्षे झाली होती. प्रथम वर्षाच्या मुलांना मुख्य संघातून खेळायची तेव्हा मुभा नव्हती, त्यामुळे स्कॉट मुख्य संघातून खेळला तो १९६७-६८ पासून पुढचे तीन मोसम. पहिल्याच मोसमात त्याचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघातून त्याने सुवर्णपदक मिळवले.

१९६९च्या मोसमात चॅपल हिलचा संघ साखळीत अव्वल होता. शार्लटमध्ये कॉन्फरन्सचा अंतिम सामना ड्यूकशी झाला. मध्यंतराला ड्यूक पुढे होते. त्या सामन्यात स्कॉटने ४० गुण केले आणि त्याचा संघ ८५-७४ असा जिंकला. तीन अंकी गुणफलक रोज दिसणाऱ्या आजच्या वाचकाला ४० हा आकडा कदाचित मोठा वाटणार नाही. पण तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती. कितीही लांबून टाकले तरी बास्केटचे दोनच गुण मिळत.

मते मोजली गेली तेव्हा वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू जॉन रोश ठरला.

इथे मला रोशवर अन्याय करायचा नाही. तोही न्यूयॉर्कचाच मुलगा, फ्रँक मॅग्वायर या प्रशिक्षकांनी दक्षिणेत आणलेला. मॅग्वायर न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून खेळाडू निवडून आणण्यात तरबेज होते. १९५७ साली चॅपल हिलच्या ज्या संघाने ३२ पैकी ३२ सामने जिंकले आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तिसऱ्या जादा वेळेत ५४-५३ असे हरवले, तो संघही त्यांनीच बांधला होता. रोश अतिशय हुशार गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू, होता. पुढच्या वर्षी, १९७० साली, त्याच्या साउथ कॅरोलिनाने कॉन्फरन्सच्या साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकले. त्या मोसमात स्कॉटची सरासरी सामन्यामागे २७.१ गुणांची होती, रोशची त्याहून पाचेक गुणांनी कमी. पण एकाचा संघ अजिंक्य होता आणि दुसऱ्याचा नव्हता, तेव्हा कोणाला मत द्यावे यावर दोन सरळ मनाची माणसे वाद घालू शकतात. १९७०चा निकाल मला चुकीचा वाटतो, पण तो देणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काळेबेरे होते असे मी म्हणणार नाही.

१९६९चे दुखणे वेगळे आहे. तेव्हा काही पत्रकारांनी स्कॉटला पहिले मत दिले नाही एवढेच नव्हते. कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंच्या आपल्या यादीतही त्यांनी त्याचे नाव लिहिले नाही. एकूण मतांच्या बळावर तो पाचांत आला, पण काही मतपत्रिका अशा होत्या ज्यांच्यावर पाच नावे होती आणि त्यांत चार्ली स्कॉट नव्हता. ही गोष्ट बाईंनी मला सांगितली तेव्हा त्यांनी पहिल्या क्रमांकाचा विषय जवळजवळ बाजूलाच सारला. “दुसरा लिहिला असता तर भांडता आले असते,” त्या म्हणाल्या. “लिहिलाच नाही, त्याच्याशी कसे भांडायचे?” माझ्या धंद्यात आम्ही मतभेद आणि गाळलेली नोंद यांत काटेकोर फरक करतो. मोजमापात थोडी चूक असेल तर ती आकड्यांतूनच हुडकता येते. जी नोंद केलीच नाही तिचा मागमूस आकड्यांत राहत नाही. कोणाला वर ठेवायचे हा निवडीचा प्रश्न असतो. पण ज्याच्या खेळाबद्दल तुम्ही स्वतःच्या वर्तमानपत्रात हिवाळाभर लिहीत आलात, ऑलिंपिकचे सुवर्ण ज्याच्या गळ्यात पडले, त्याचे नाव तुमच्या पाचांत नसेल, तर तुम्ही खेळ पाहून मत दिले नाही. दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांचे क्रीडापत्रकार तेव्हा जवळजवळ सगळे गोरे होते. हे वर्णामुळे झाले असे स्कॉटला वाटले आणि वीस वर्षांच्या त्या मुलाने ते जाहीरपणे बोलून दाखवले. १९६९ साली, दक्षिणेत, चॅपल हिलचा गणवेश घालून हे बोलायला काय लागत असेल, ते मला इथे इतकी वर्षे राहूनही पुरते उमगलेले नाही.

राष्ट्रीय स्पर्धेतला विभागीय अंतिम सामना खेळायचाच नाही, असे त्याच्या मनात आले होते. संघाच्या सहायक प्रशिक्षकाने त्याच्याशी बराच वेळ बोलून समजूत घातली आणि तो खेळायला उतरला. मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला सामना होता आणि समोर डेव्हिडसन होते, लेफ्टी ड्रिझेल यांचे, म्हणजे ज्या संघाकडे तो जाता जाता राहिला होता तोच संघ. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर रेडिओ असे. त्यांचे वडील कारखान्यातून येऊन हातपाय न धुता तसेच रेडिओसमोर बसले होते, आणि आई त्या दिवशी त्यांना काही बोलली नाही, हे बाईंना नीट आठवते. ८५-८५ अशी बरोबरी होती. शेवटच्या काही सेकंदांत चेंडू स्कॉटच्या हातात होता, त्याने उडी घेतली, टाकला, आणि ८७-८५. सामन्यात त्याचे ३२ गुण झाले. वडिलांनी आरडाओरडा केला का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, “नाही. ते उठले आणि हातपाय धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.”

हे ऐकून मी घरी आले त्या रात्री मला पुण्यातली एक दुपार आठवली. कॉलेजात असताना मी स्वतः फारशी खेळले नाही, पण आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना गुणलेखक म्हणून टेबलावर बसत असे. गुणपत्रकात आम्ही कोणी किती गुण केले आणि कोणाचे किती फाउल झाले एवढेच लिहायचो. कोणी कोणाला पास दिला, कोणी समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक मुलीला सामनाभर अडवून धरले, याला त्या कागदावर रकानाच नव्हता. स्पर्धा संपल्यावर बक्षीस समारंभाच्या दहा मिनिटे आधी ‘उत्कृष्ट खेळाडू’ कोण ते ठरवायची घाई झाली आणि संयोजकांनी टेबलावरच्या आम्हा तिघांना विचारले. मी गुणपत्रक पाहिले, सर्वाधिक गुणांचे नाव वाचून दाखवले आणि बाकीच्या दोघांनी मान डोलावली. विजेत्या संघात तालुक्याच्या गावाहून आलेली एक मुलगी होती, वसतिगृहात राहणारी, जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर खेळणारी. तिन्ही दिवस तिच्याच पासवर बाकीच्यांचे गुण होत होते आणि हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. मला कोणी विचारले असते की ही खेळली कशी, तर मी ‘सगळ्यांत चांगली’ असेच म्हटले असते. पण विचारले तेव्हा मी कागदाकडे पाहिले. समारंभात ती मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या त्या चुकीत द्वेष नव्हता, तरी ती गाळलेलीच नोंद होती, आणि ती केल्याचे मला इतक्या वर्षांनी, दुसऱ्या देशात, बाईंच्या बोटाखालच्या दोन ओळी वाचताना समजले.

अमेरिकेतही कॉलेज बास्केटबॉलमध्ये गुण मिळवून देणाऱ्या पासांची राष्ट्रीय पातळीवरची अधिकृत नोंद १९८३-८४च्या मोसमापासून सुरू झाली आणि हिसकावलेल्या व अडवलेल्या चेंडूंची त्याच्या दोन वर्षांनंतर. म्हणजे या यादीतली पहिली तीसेक नावे जेव्हा निवडली गेली, तेव्हा खेळाच्या मोठ्या भागाची साक्ष फक्त पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत होती. आकडे नसतील तेव्हा पत्रकाराच्या नजरेवरची जबाबदारी कित्येक पटींनी वाढते. व्हेसंडॅकच्या बाबतीत त्या नजरेने ती पेलली. तीनच वर्षांनी, बऱ्याच अंशी त्याच माणसांची नजर, स्कॉटच्या बाबतीत कमी पडली.

१९७१ साली पुरस्कार वेक फॉरेस्टच्या चार्ली डेव्हिसला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. बाई सांगत की त्यांच्या गल्लीत लोक या बातमीने खूश झाले, पण त्या खुशीत “एक चार्ली उशिरा पोचला” असा सूर होता. आणि मग १९७३ पासून सलग तीन वर्षे एकच नाव : डेव्हिड थॉम्पसन, नॉर्थ कॅरोलिना स्टेट. थॉम्पसन याच राज्यातल्या शेल्बी गावचा, अकरा भावंडांतला सर्वांत धाकटा. हा पुरस्कार तीनदा मिळवणारे पुरुषांमध्ये दोघेच, थॉम्पसन आणि व्हर्जिनियाचा सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन, ज्याला तो १९८१ ते १९८३ मिळाला. पण सॅम्पसन चार मोसम खेळला. प्रथम वर्षाचा जुना नियम थॉम्पसनलाही लागू होता, त्यामुळे त्याला तीनच मोसम मिळाले आणि त्या तिन्हींत तोच सर्वोत्तम ठरला. त्याची झेप ज्यांनी पाहिली ते आजही हात वर करून दाखवतात की तो कुठवर जात असे. चेंडू वरून बास्केटमध्ये दाबायला तेव्हा बंदी होती. म्हणून संघातले सोबती चेंडू बास्केटच्या वर हवेत फेकत आणि थॉम्पसन तिथे जाऊन तो अलगद आत सोडत असे. १९७५ साली घरच्या मैदानावरच्या अखेरच्या सामन्यात त्याने एकदा, एकदाच, नियम मोडून चेंडू दाबला. पंचांनी तांत्रिक फाउल दिला, आणि प्रेक्षक उभे राहिले.

त्या वर्षी थॉम्पसनची निवड एकमताने झाली. अशी एकमताने निवड पुन्हा व्हायला २००३ उजाडले, वेक फॉरेस्टच्या जॉश हॉवर्डच्या वेळी. बाईंना त्या यादीत सगळ्यांत महत्त्वाचे वाटे ते हे. स्कॉटचे नाव काही मतपत्रिकांवर नव्हते ते साल १९६९. थॉम्पसनचे नाव एकूण एक मतपत्रिकेवर पहिले होते ते साल १९७५. सहा वर्षे. मी त्यांना म्हटले की सहा वर्षांत माणसे एवढी बदलतात याचा आनंद मानायला हवा. त्या म्हणाल्या, “माणसे बदलली की डेव्हिड इतका उंच उडाला की न बघता राहणे शक्यच नव्हते, ते मला अजून ठरवता आलेले नाही.” मलाही ठरवता आलेले नाही. स्कॉट काही कमी उंच उडत नव्हता.

यादीत खाली जावे तशी ओळखीची नावे येतात. १९८४ला मायकेल जॉर्डन; १९९६ आणि १९९७ला टिम डंकन; २०१५ला जहलील ओकाफोर, हा मान मिळवणारा प्रथम वर्षाचा पहिला विद्यार्थी; २०१९ला झायन विल्यमसन; २०२५ला कूपर फ्लॅग, तोही प्रथम वर्षाचाच. आजकाल फार गुणी मुले एक वर्ष खेळून व्यावसायिक लीगमध्ये जातात, त्यामुळे थॉम्पसनसारखी तीन ओळींची मालिका पुरुषांच्या यादीत पुन्हा दिसेल असे वाटत नाही. महिलांच्या यादीत ती दिसते. ड्यूकच्या अलाना बिअर्डने २००२ ते २००४ अशी तीन वर्षे तो मान मिळवला, आणि तिचे सामने मी डरमला जाऊन पाहिले आहेत, हे मी अभिमानाने सांगते.

एका ओळीजवळ मात्र मी दर वेळी थांबते. १९८५ आणि १९८६, लेन बायस, मेरीलँड. १९८६च्या फेब्रुवारीत त्याने चॅपल हिलच्या नव्याकोऱ्या सभागृहात ३५ गुण केले आणि त्या वास्तूत यजमानांना पहिला पराभव दाखवला. जूनमध्ये बॉस्टनच्या व्यावसायिक संघाने त्याला दुसऱ्या क्रमांकाने निवडले. दोन दिवसांनी, १९ जूनला, कोकेनच्या सेवनाने त्याचा मृत्यू झाला. यादीत यातले काहीच नाही, तिथे फक्त दोन सालांपुढे एक नाव आहे. विरोधी संघाचे चॅपल हिलवाले म्हातारे त्या रात्रीबद्दल अजूनही आवाज खाली आणून बोलतात.

स्कॉटचे पुढे वाईट झाले नाही. व्यावसायिक खेळात त्याने भरपूर गुण केले, १९७६ साली बॉस्टनकडून अजिंक्यपद मिळवले, आणि २०१८ साली बास्केटबॉलच्या राष्ट्रीय सन्मानगृहात त्याचा समावेश झाला. पण १९६९ आणि १९७०च्या ओळी आहेत तशाच आहेत. त्या बदलाव्यात असे मला वाटत नाही. रोशचे नाव खोडून तिथे दुसरे लिहिले तर त्या मतपत्रिकांवर काय होते आणि काय नव्हते याचा उरलासुरला पुरावाही जाईल. ज्याला ती यादी वाचायची आहे त्याला ती तशीच वाचायला मिळाली पाहिजे, आणि शेजारी बोट ठेवून सांगणारे कोणीतरी हवे.

बाई निवृत्त झाल्या त्या हिवाळ्यात आम्ही दोघी चॅपल हिलला एक सामना बघायला गेलो होतो. छताखाली जुन्या खेळाडूंचे गणवेश टांगलेले असतात. त्या गर्दीत तेहेतीस क्रमांक शोधायला मला वेळ लागला. बाईंना लागला नाही. जिन्याची शेवटची पायरी चढून आत पाऊल टाकताच त्यांची मान आपोआप त्या बाजूला वळली. मग त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, “आज समोरच्या संघात तो बारा नंबरचा मुलगा आहे ना, त्याच्याकडे नीट लक्ष ठेव. त्याच्याबद्दल कोणी काही लिहीत नाही.”